सहा जीबीची झोप

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सासूबाई त्यांच्या खोलीचं दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी कळवलं, की संगणकातली जागा संपली असून एकोणिसावं प्रकरण सुरू होऊ शकत नाही. 'कळवलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सासूबाई सांगत नाहीत, कळवतात. बसस्थानकाच्या ध्वनिक्षेपकावरून त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या. संप झाले, पूल वाहून गेले, एकदा तर घोषणाकक्षाच्या छताचा पोपडा सुटून त्यांच्या वहीवर पडला, पण 'गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे' हे वाक्य पहिल्या दिवशी ज्या सुरात निघालं त्याच सुरात निवृत्तीच्या दिवशीही निघालं, असं त्यांचे सहकारी सांगतात. छताचा पोपडा पडला त्या दिवशी म्हणे त्यांनी फक्त एक स्वल्पविराम जास्त घेतला होता.

निवृत्तीनंतर तो आवाज घरात बसून राहणं शक्यच नव्हतं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेने त्यांना एक लॅपटॉप, एक माइक आणि कायद्याची जाडजूड पुस्तकं दिली. सध्या करार कायद्याचं पुस्तक चालू होतं. एकूण वीस प्रकरणं, त्यातली अठरा झालेली. ते ऐकून एक मुलगी शनिवारी परीक्षेला बसणार होती. ती दर प्रकरणानंतर फोन करून सासूबाईंशी इतका वाद घालायची, की सासूबाईंनी तिला परीक्षेआधीच 'वकीलबाई' करून टाकलं होतं. थोडक्यात, सोमवार होता, दोन प्रकरणं राहिली होती, शनिवारी परीक्षा होती आणि संगणक म्हणत होता जागा नाही.

हे काम माझ्याकडे येणं स्वाभाविक होतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. लोकांच्या तराजूत किती खोट आहे हे मी बावीस वर्षं शोधत आलोय. तेव्हा एखाद्या डबीत किती मावतं आणि किती मावत नाही, हा प्रश्न घरात दुसऱ्या कुणी सोडवणं मला शोभलं नसतं. सासूबाईंच्या हातात एक चिठ्ठी होती. त्यांना त्याबद्दल काही बोलायचंही होतं, पण मी त्यांना हाताने थांबवून तुम्ही निवांत बसा असं सांगितलं. बायको रसायनशास्त्र शिकवते. ती शाळेत निघाली होती. दारातून तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि काहीही न बोलता गेली. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचे मला सात-आठ प्रकार माहीत झालेत. हा त्यातला बरा नव्हता.

लॅपटॉप उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माझ्यातला निरीक्षक जागा झाला. खोक्यावर छापलं होतं एकशे अठ्ठावीस जीबी आणि आत दिसत होते एकशे एकोणीस. नऊ जीबीची तूट! एखाद्या वाण्याने किलोमागे सत्तर ग्रॅम मारावेत तशातला हा प्रकार. मी कागद घेऊन पंचनाम्याचा मसुदा करायला बसलो. पुढे कुणीतरी मला समजावलं, की बनवणारे हजाराने मोजतात आणि संगणक एक हजार चोवीसने मोजतो, म्हणून तो फरक. म्हणजे एकाच बाजारात दोन मापं. आमच्या खात्यात यावर सरळ जप्ती होते. पण तोवर दुपारचा एक वाजला होता आणि मी अजून एक केबीसुद्धा मोकळा केला नव्हता.

मग मी साफसफाईला हात घातला. आधीची अठरा प्रकरणं पुसून टाकावीत असा माझा पहिला बेत होता. सासूबाईंनी शांतपणे कळवलं, की संस्थेची तपासणी होऊन दाखला येईपर्यंत मूळ मुद्रण पुसायचं नाही असा नियम आहे. मग पेन ड्राइव्हवर काढून ठेवू म्हटलं, तर पुस्तकं बाहेर जाऊ नयेत म्हणून लॅपटॉपच्या सगळ्या खाचा संस्थेने कागदी मोहोर चिकटवून बंद केलेल्या. कचरापेटी रिकामी केली, तर त्यात एकच वस्तू निघाली, ती म्हणजे सासूबाईंनी चुकून टाकलेला माझा फोटो.

त्या दिवशी संध्याकाळी मी समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे आणि संगणकाचं त्यांना बरंच कळतं असा त्यांचा स्वतःचा अभिप्राय आहे. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा वर केला आणि म्हणाले, की जे दिसतं तिथे कधी कीड नसते. मग त्यांनी कुठलीशी खूण करून लपवलेल्या फाइली दिसायला लावल्या. आणि खरंच, पहिल्याच कप्प्यात एक धूड आडवं पडलेलं होतं. नाव हायबरफिल. आकार जवळजवळ सहा जीबी.

डॉक्टरांनी निदान केलं. संगणकाला शीतनिद्रा नावाची एक सोय असते, तिच्यासाठी ही फाइल जागा अडवून बसते, आपण ती सोय कधी वापरत नाही, तेव्हा ही अक्कलदाढ आहे. काढून टाकायची. त्यांनी ती फाइल निवडून पुसायचं बटण दाबलं. संगणकाने नकार दिला. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा नकार. दाढ हलेना तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी त्यांच्या खुर्चीत आडवा पडून अनेकदा पाहिलेला आहे. म्हणाले, मुळं खोल आहेत, प्रशासकाची परवानगी लागेल.

तेवढ्यात दार उघडं पाहून इमारतीचे सचिव आत आले. सचिव पूर्वी एका प्राणिसंग्रहालयात भांडारपाल होते, त्यामुळे शीतनिद्रा या शब्दावर त्यांचा हक्क निघाला. त्यांच्या नोकरीत एक अस्वल होतं. थंडीत ते कोपऱ्यात गाढ झोपायचं. पिंजऱ्यात एवढी जागा रिकामी पडते म्हणून एका वर्षी वरिष्ठांनी तिथे चाऱ्याची पोती रचायला लावली. पुढे काय झालं हे सचिवांनी सविस्तर सांगितलं. त्यात वरिष्ठांची बदली, सचिवांची चौकशी आणि एकशे चाळीस पोती एवढे तपशील मला आठवतात. तात्पर्य त्यांच्या मते असं, की झोपलेल्या प्राण्याची जागा रिकामी नसते. मी त्यांना म्हटलं, साहेब, ही फाइल आहे. ते म्हणाले, चौकशीत माझं म्हणणंही फाइललाच लागलं होतं.

मंगळवारी मी रजा टाकून संस्थेत गेलो. एक लांबट खोली, तीन टेबलं, भिंतीला लागून कपाटं आणि कपाटांवर खोकी. पहिल्या टेबलावरच्या बाईंना मी सांगितलं, की एक फाइल बंद करायची आहे. त्यांनी नोंदवही ओढली आणि विचारलं, की फाइल आवक आहे की जावक.

मी म्हटलं, ती संगणकातच असते. म्हणजे अंतर्गत, असं म्हणून त्यांनी तिसरी वही काढली. विषय काय लिहू म्हणाल्या. मी 'शीतनिद्रा' म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्याकडे विषयांची एक छापील यादी होती आणि त्यात तो शब्द नव्हता. बराच विचार करून त्यांनी मला 'कर्मचारी कल्याण' खाली टाकलं. मग अर्ज आला. अर्जात संगणक हरवला, बिघडला, चोरीस गेला असे तीन चौकोन होते, पैकी एकावर खूण करणं अनिवार्य. संगणक यांपैकी काहीच झालेला नव्हता. मी चौथा चौकोन काढून त्यात 'भरला' असं लिहिलं. बाईंनी तो कागद हातात धरून इतका वेळ पाहिला, की मला माझं अक्षर सुधारावंसं वाटायला लागलं.

शेवटी मला आत पाठवलं. यंत्रणा सांभाळणारे गृहस्थ म्हणजे एक सडपातळ, हळू बोलणारे साहेब होते. सासूबाईंचं नाव ऐकताच ते उठून उभे राहिले. त्यांच्याबरोबर मीही उभा राहिलो, कारण कोण आलं ते मला कळेना. त्यांनी सांगितलं, की संस्थेत बेचाळीस वाचक आहेत, पण ज्यांच्या मुद्रणातून तपासनिसाला एकही शब्द परत वाचून घ्यावा लागलेला नाही असं माणूस एकच आहे. सगळ्या नव्या वाचकांना आधी त्यांचं मुद्रण ऐकवतात. हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बाई रोज संध्याकाळी मला दिवा बंद केलात का विचारतात, त्यांच्यासाठी इथे लोक खुर्चीतून उठतात.

साहेबांनी प्रशासकाचा परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात घालून दिला आणि सोबत एक छापील कागद दिला. त्यावर काय टाइप करायचं ते लिहिलेलं होतं. शांतपणे, पूर्ण वाचून करा, असं ते दोनदा म्हणाले. मला ते जरा लागलं. वाचून करा हे निरीक्षकाला काय सांगायचं?

बुधवारी सकाळी मी लॅपटॉपसमोर बसलो. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तो कागद मी मोठ्याने वाचून दाखवू का. मी म्हटलं, एका ओळीचं काम आहे, आई. संगणकाने एक काळी खिडकी उघडली. तिच्यात पॉवर-सी-एफ-जी असं काहीसं लिहून, एक जागा सोडून, तिरपी रेघ, एच, पुन्हा जागा आणि 'ऑफ'. पहिल्यांदा मी जागा सोडली नाही. दुसऱ्यांदा रेघ उलट्या बाजूला कलली. तिसऱ्यांदा 'ऑफ'मध्ये एकच एफ पडला. प्रत्येक वेळी ती खिडकी इंग्रजीत मला ओळखत नसल्याचं सांगायची. पाचव्या वेळी ती काहीच बोलली नाही. नुसती खाली नवी ओळ आली. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, न बोलणं म्हणजेच झालं. बायकोच्या अनुभवावरून मला ते पटणं अवघड होतं, पण कप्पा उघडून पाहिला तर धूड गेलेलं होतं आणि सहा जीबी मोकळे दिसत होते.

त्या दिवशीच्या माझ्या वागण्याबद्दल फारसं न लिहिलेलं बरं. मी जिना उतरताना डॉक्टरांच्या दवाखान्यात डोकावून तोंड उघडून बसलेल्या एका पेशंटलाही सहा जीबी मोकळे केल्याचं सांगितलं. सचिवांना मुद्दाम भेटून अस्वल गेलं असं कळवलं. सासूबाईंनी मात्र आभार मानले, माइक पुसला आणि दार लावून एकोणिसावं प्रकरण वाचायला घेतलं. ते बुधवारी संध्याकाळी पूर्ण झालं, जतन झालं, संस्थेकडे रवाना झालं. गुरुवारी सकाळी विसावं सुरू झालं. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण. वकीलबाईंचं म्हणणं होतं, की दरवर्षी परीक्षेतला मोठा प्रश्न त्यातूनच येतो.

इथे संस्थेच्या त्या मुद्रणयंत्रणेचा एक गुण सांगायला हवा. तिच्यात अर्धं प्रकरण जतन करता येत नाही. जतन केलं, की प्रकरण मोहोरबंद होतं, मग त्यात एक शब्द घालता येत नाही. म्हणून सासूबाई वर्षभर काय करायच्या, तर मध्येच थांबायचं झालं, की काही न मिटवता लॅपटॉपचं झाकण लावायच्या आणि फिरायला जायच्या. परत येऊन उघडलं, की सगळं जिथल्या तिथे. मला हे दिसत होतं, पण त्यामागे काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. फ्रिजचं दार लावल्यावर आत दिवा काय करतो याचा आपण कुठे विचार करतो?

गुरुवारी दुपारी दोनपर्यंत त्यांचं अडीच तासांचं वाचन झालं. घसा थकला म्हणून त्यांनी झाकण लावलं आणि त्या जेवून मैत्रिणीकडे गेल्या. मला साडेतीनला खात्याच्या बैठकीला जायचं होतं. शर्टाला इस्त्री करायची होती. त्या खोलीत एकच सॉकेट. मी चार्जर काढला, इस्त्री लावली, इस्त्री केली, इस्त्री काढली आणि गेलो. चार्जर परत लावणं हा या वाक्यातला राहिलेला भाग आहे.

बॅटरी जुनी होती. अर्धा तास तग धरायची, फार तर पाऊण. साडेपाचला मी घरी आलो तेव्हा सासूबाई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या आणि पडदा विसावं प्रकरण शून्य मिनिटं, शून्य सेकंद असं दाखवत होता.

 मी चार्जरकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे, मग माझ्या शर्टाकडे. शर्ट फार छान दिसत होता. मी आधी यंत्रणेला दोष दिला, मग बॅटरीला, मग इमारतीच्या वायरिंगला, म्हणजे पर्यायाने सचिवांना. वायरिंगवर असताना सासूबाईंनी टेबलावरचा तो छापील कागद उचलला आणि उलटा केला. मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. पुढच्या बाजूच्या तळाशी बारीक अक्षरात 'मागे पाहा' असं होतं, ते मी आत्ता पहिल्यांदा पाहत होतो. मी लोकांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून खटले भरतो.

सासूबाईंनी मागची बाजू वाचायला सुरुवात केली. त्याच आवाजात, स्वल्पविरामासकट. संगणक झोपेत असताना वीज संपत आली, तर तो समोर उघडं असलेलं सगळं काम या फाइलमध्ये उतरवून ठेवतो आणि मगच बंद पडतो. पुन्हा वीज मिळाली, की तिथून सगळं जसंच्या तसं मांडतो. बॅटरी जुनी असल्यास ही सोय पूर्ण बंद करू नये. जागा कमी पडत असल्यास फाइलचा आकार संगणकाच्या आठ जीबी मेमरीच्या पाऊणाऐवजी निम्म्यावर आणावा. त्याची ओळ खाली दिली आहे.

म्हणजे ते धूड जागा अडवून लोळत नव्हतं. वर्षभर, रोज, सासूबाईंच्या अर्ध्या प्रकरणांखाली हात पसरून उभं होतं. आणि मी त्याला काढून टाकल्याची बातमी पेशंटला दिली होती.

मी खाली बसलो. मला धीर करून एवढंच विचारता आलं, की निम्म्यावर आणलं तर किती जागा सुटली असती. दोन जीबी, त्या म्हणाल्या. आणि आपल्याला किती हवी होती? त्यांनी माइकच्या खालून सोमवारची ती चिठ्ठी काढली. मागच्या अठरा प्रकरणांचे तास, दर तासाला लागलेली जागा, सरासरी आणि शेवटी राहिलेल्या दोन प्रकरणांसाठी लागणारी जागा, असं सगळं टोकदार अक्षरात लिहिलेलं होतं. पावणेदोन जीबी. सोमवारी सकाळी साडेदहाला त्यांच्या हातात हे तयार होतं. मी बावीस वर्षं मापं तपासतोय. किती हवं आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "माफीला नंतर वेळ आहे. आधी ती ओळ लिहू या. तुम्ही वाचा, मी टाइप करते."

मी वाचलं. त्यांनी एका दमात टाइप केलं, जागा आणि तिरप्या रेघांसकट. शीतनिद्रा पुन्हा चालू, आकार पन्नास टक्के. फाइल परत आली, चार जीबीची, आणि शेजारी विसाव्या प्रकरणापुरती जागा मोकळी. एका मिनिटाचं काम.

प्रश्न वेळेचा होता. विसावं प्रकरण पूर्ण वाचायला चार तास. ते शुक्रवारी वाचलं, तरी संस्थेतून तयार होऊन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला दीड दिवस. शनिवारी सकाळी परीक्षा. सासूबाईंनी वकीलबाईंना फोन लावला आणि काहीही न लपवता कळवलं, की विसावं प्रकरण काही कारणाने रद्द झालं आहे. कारण विचारल्यावर त्यांनी 'तांत्रिक' एवढंच सांगितलं. मी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं.  मग सासूबाई म्हणाल्या, "मी उद्या दहाला वाचायला बसणार आहे. तू इथेच येऊन ऐक." आणि पत्ता सांगितला, बसथांब्यापासून पावलांच्या हिशेबाने.

शुक्रवारी पावणेदहाला बेल वाजली. वकीलबाई एकटी नव्हती. तिच्या मागे, एकमेकांच्या खांद्याला हात लावून, आणखी सहा जण होते. ते सगळे त्याच परीक्षेला बसणारे, सगळे सासूबाईंच्याच आवाजावर अभ्यास केलेले. वकीलबाई ठेंगणी, भरभर बोलणारी होती. तिने दारातच विचारलं, की प्रकरण नेमकं कशाने गेलं. मी म्हटलं, बॅटरी. तिच्या मागे उभा असलेला एक उंच गृहस्थ टेलिफोन कार्यालयात नोकरी करून शिकत होता. त्याने विचारलं, की शीतनिद्रा बंद केलेली होती का. मी होय म्हटलं. जुन्या बॅटरीवर? मी पुन्हा होय म्हटलं. त्याने बूट काढताना एक उसासा सोडला. त्या उसाशात मला माझ्या सेवापुस्तिकेतला प्रतिकूल शेरा ऐकू आला.

आमच्याकडे खुर्च्या पाच. मी खाली धावलो. डॉक्टरांनी दवाखाना दुपारपर्यंत बंद ठेवला आणि प्रतीक्षाकक्षातला लांब बाक मी, ते आणि सचिव अशा तिघांनी तीन मजले चढवला. सचिवांनी वाटेत पुन्हा पोत्यांचा विषय काढला आणि मी तो संपूर्ण ऐकून घेतला. त्यांना अडवायचा हक्क मला राहिला नव्हता. बाक ठेवून ते दोघे जायला वळले, तर सासूबाई म्हणाल्या, आता दार उघडबंद नको, बसा. बायकोने शाळेतून रजा घेतली होती. ती खिडकी लावून कोपऱ्यात बसली. मला चार्जरच्या सॉकेटसमोर जमिनीवर जागा मिळाली. नेमणूकच होती ती.

मग सासूबाईंनी चष्मा लावला, बोटाने पान सरळ केलं आणि वाचायला सुरुवात केली.

मी या घरात अकरा वर्षं त्यांच्याबरोबर राहतो, पण त्यांना वाचताना समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. बंद दाराआडून नुसती गुणगुण यायची. करारभंग आणि नुकसानभरपाई हा विषय काही रसाळ नाही. पण त्या एखादं कलम असं वाचत, की मुख्य वाक्य हमरस्त्याने सरळ जायचं आणि 'परंतु'पाशी अलगद वळायचं. वळण येतंय हे आधीच कळायचं. कंसातला मजकूर आवाज जरासा खाली घेऊन यायचा आणि कंस संपला, की वर यायचा. उदाहरणातला कापूसवाला आणि त्याचा गिऱ्हाईक यांचे आवाज त्यांनी काढले नाहीत, तरी दोघं वेगळे ऐकू आले. समोर सात माणसं मान किंचित कलती करून बसली होती. वकीलबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, बहुधा अटी मोजत. डॉक्टरांनी चार तास तोंड बंद ठेवलं, आणि ते दृश्य मी जपून ठेवलं आहे.

दर तासाने त्या थांबायच्या, दोन घोट कोमट पाणी घ्यायच्या. तेवढ्यात कुणी हळूच शंका विचारली, की बोट ओठांवर ठेवून नंतर अशी खूण करायच्या. मग लक्षात यायचं, की खूण समोरच्यांना दिसत नाही. तरी कसं कोण जाणे, ते गप्प व्हायचे. तिसऱ्या तासाला त्यांचा आवाज एका ठिकाणी चिरला. त्यांनी माइक बंद केला, डोळे मिटून मिनिटभर बसल्या, ते वाक्य पहिल्यापासून घेतलं आणि पुढे गेल्या. बायकोच्या हातात रुमाल होता. तिने तो कधी काढला ते मला कळलं नाही.

अडीचला शेवटचं पान उलटलं. त्यांनी शेवटच्या ओळीनंतर पाच सेकंद थांबून मुद्रण बंद केलं, प्रकरण जतन केलं आणि मग त्यांचं पहिलं वाक्य, पार घोगऱ्या आवाजात, "आता विचारा," असं होतं. पुढे दीड तास ते सात जण विचारत होते आणि त्या पुस्तकातली तीच पानं पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होत्या. वकीलबाईंनी एक परिच्छेद चार वेळा वाचून घेतला. चौथ्या वेळी ती म्हणाली, की तिसऱ्या वेळी तुम्ही 'किंवा'वर थोडं थांबलात, म्हणून मला तो अपवाद कळला. सासूबाईंनी पान मागे उलटून पाहिलं आणि मान्य केलं, की तिथे थांबायलाच हवं होतं, आधीच्या वेळी राहिलं.

बाक खाली नेताना डॉक्टर म्हणाले, दाढ काढायच्या आधी मी हल्ली एक्स-रे काढतो, तसा कालही काढायला हवा होता. त्यांना सोमवार म्हणायचं असावं. मी काही सुधारलं नाही.

परीक्षा झाली. तो मोठा प्रश्न विसाव्या प्रकरणातून आला नाही, सातव्यातून आला, आणि त्याबद्दल वकीलबाईंनी परीक्षा मंडळाला एक खरमरीत पत्र लिहिलं. ती पास झाली, तो उंच गृहस्थ पहिला आला.

दोन महिन्यांनी संस्थेचा लिफाफा आला. तपासणीचा दाखला होता, प्रकरणवार शेऱ्यांसह. एक ते एकोणीस यांच्यासमोर 'निर्दोष' एवढंच. विसाव्यासमोर तपासनिसाने तीन ओळी लिहिल्या होत्या. सासूबाईंनी त्या मला वाचून दाखवल्या: "वाचन निर्दोष. पार्श्वभूमीला सुमारे दहा माणसे श्वास घेताना ऐकू येतात. काढता येत नाही, ठेवण्यास हरकत नाही."

त्यांनी तो शेरा मनाशी आणखी एकदा वाचला. मग माझ्याकडे हात पुढे करून पेन मागितलं, 'सुमारे दहा' खोडलं, वर 'अकरा' लिहिलं आणि खाली सही केली.